सोबत्याने उत्तर द्यायचे नाही

नेस्टा प्रॉबर्टने तो कागद तीनदा वाचला आणि मग खिडकीतल्या उजेडाला धरला, जणू मागच्या बाजूने दुसरंच नाव दिसेल. नाव काही बदललं नाही. ‘सुनावणीला मी सोबत आणणार असलेला सहकारी’ या छापील ओळीपुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: मिसेस ऑल्वेन प्रॉबर्ट, रोलर विभाग. खाली इडवल बेननची थरथरती सही. आणि ‘इतर काही सांगायचे असल्यास’ या चौकटीत त्याच ठसठशीत अक्षरात, ‘केक मी आणते.’

अक्षर नेस्टाच्या आईचं होतं. नावही आईचंच होतं.

पॉन्त-हेलिग गावातल्या लॉण्ड्रीत आसपासच्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुवायला येत. नेस्टा तिथे सतराव्या वर्षी चादरींच्या घड्या घालायला लागली आणि छत्तिसाव्या वर्षी, चार महिन्यांपूर्वी, मॅनेजर झाली. तिची आई अठ्ठावीस वर्षं खाली रोलरवरच होती. मॅनेजर होणं म्हणजे काय हे नेस्टाला पहिल्याच आठवड्यात कळलं. चादरी पूर्वीसारख्याच होत्या, माणसं तीच होती, पण प्रत्येक माणसामागे आता एक कायदा उभा होता. सुट्टीचा कायदा, आजारपणाचा, बाळंतपणाचा, कामाच्या तासांचा. एक पाठ होतोय तोवर त्यात दुरुस्ती यायची. कपाटातली कायद्यांची निळी फाइल ती रोज सकाळी उघडायची, देवाचं नाव घेऊन.

तिने कामगार-कायद्याच्या सल्लाकेंद्राला फोन लावला. पलीकडची बाई अगदी शांत होती.

“सोबती निवडणं हा कामगाराचा हक्क आहे,” ती म्हणाली.

“मान्य आहे. पण ती माझी आई आहे हो.”

“तुमच्याकडे कामाला आहे ना?”

“माझ्या कितीतरी आधीपासून.”

“मग चालेल. सोबत्याला कामगाराची बाजू मांडता येते, शेवटी दोन शब्द बोलता येतात, मध्येच त्याच्या कानात कुजबुजता येतं. फक्त एक गोष्ट नाही. कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबत्याने द्यायचं नाही.”

“हे माझ्या आईला सांगायचं कुणी?”

“ते कायद्यात दिलेलं नाही,” बाई म्हणाली. मग तिने कागद उलटल्याचा आवाज झाला. “आणखी एक विचारते. कामगाराला बोलण्या-ऐकण्याची काही अडचण आहे का? असेल तर तशी सोय करावी लागेल.”

“नाही, नाही,” नेस्टा चटकन म्हणाली. “तसं काही नाही.”

ती खोटं बोलली नव्हती. नेस्टाला खरोखरच तसं वाटत होतं.

इडवल बेननला बोलता येत नव्हतं असं नाही. शब्द त्याच्या ओठांवर येऊन उंबरठ्याला ठेचकाळत. ‘प’ आला की प-प-प करत तो तिथेच उभा राही, मान वर होई, डोळे मिटत. चौसष्ट वर्षं हे असंच चाललं होतं. आणि चौसष्ट वर्षं अख्खं गाव प्रेमाने त्याची वाक्यं पुरी करत होतं. “पाव? पाव हवाय ना, इडवल?” दुकानदार म्हणे आणि पाव पुढे करी. त्याला कधी कधी पत्रपेटी कुठे आहे ते विचारायचं असे; तो पाव घेऊन घरी जाई. लहानपणी मास्तरांनी छड्या मारमारून त्याची लेखणीही पळवून लावली होती. सही आणि रविवारच्या भजनांचे क्रमांक, एवढंच त्याला लिहिता येई. पण रविवारी चॅपेलमध्ये, गावच्या छोट्या चर्चमध्ये, भजन उचलायला तो उभा राहिला की त्याच गळ्यातून असा सणसणीत, स्वच्छ सूर निघे की मागच्या बाकांवर बसून पेंगणारे म्हातारेही सावरून बसत. गाताना एक अक्षर अडत नसे. देवाने एक दार लावलं तर शेजारचं सताड उघडं ठेवलं होतं. पण इतक्या वर्षांत याला कुणी आजार म्हटलं नाही, अडचण म्हटलं नाही. इडवल तो इडवल. डोंगराला कुणी अडचण म्हणतं का?

आणि आता त्याची नोकरी जायची वेळ आली होती, ती नेस्टाच्या हातून.

लॉण्ड्रीतला मोठा रोलर म्हणजे वाफेवर तापलेला, खोलीभर लांब लोखंडी दंडगोल. दोन बाया ओल्या चादरीची टोकं धरून ती त्याच्या तोंडाशी सोडत. चादर इस्त्री होऊन पलीकडे निघे, तिथे इडवल ती झेलून रचून ठेवी. दोघींचे हात एका वेळी सुटले पाहिजेत, नाहीतर चादर तिरकी जाऊन अडकते. म्हणून बाया गात. गाण्याच्या तालाने हात एकमेकींशी बांधलेले असत. इडवल सूर देई आणि दिवसभर भजनं चालत.

या इडवलने दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी चालू रोलर तांबडं बटण दाबून थांबवला. मेकॅनिक धावत आला. “काय झालं?” इडवल म्हणाला, “रो-रो-रोलर...” “तापलाय?” मेकॅनिकने विचारलं. इडवलने थकून ‘हो’ म्हणून मान हलवली. मेकॅनिकने उष्णता तपासली, बरोबर होती. बुधवारी पुन्हा थांबवला. “त्या-त्याचा...” “पट्टा सैल झालाय?” पट्टाही ठीक निघाला. गेल्या वर्षी लॉण्ड्री विकत घेतलेल्या ब्रिस्टलच्या कंपनीने मग आपले अधिकारी मिस्टर हॉबडेंना पाठवलं. त्यांनी इडवलला ताकीद दिली, पुन्हा हात लावायचा नाही. आणि शुक्रवारी इडवलने त्यांच्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा बटण दाबलं.

हॉबडेंनी रीतसर चौकशी केली. अहवालात लिहिलं: ‘कारण विचारले असता उत्तर दिले नाही.’ विनाकारण यंत्र थांबवणं, तेही ताकीद दिल्यावर, म्हणजे गंभीर गैरवर्तन. कंपनीची शिफारस, कामावरून काढावे. निर्णय मात्र मॅनेजरने सुनावणी घेऊन द्यायचा, कारण चौकशी करणारा आणि न्याय देणारा एकच माणूस असू नये.

“म्हणजे मीच,” नेस्टा रात्रीच्या जेवणाला आईला म्हणाली.

“म्हणजे तूच,” ऑल्वेन म्हणाली आणि बटाट्यांवर लोणी सोडलं. “तुझ्या बापाच्या मयतीत भजन कुणी उचललं होतं, आठवतंय ना?”

“आई, तू आता सोबती आहेस. खटल्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही.”

“मी कुठे खटल्याबद्दल बोलतेय? मी बटाटे वाढतेय.”

गुरुवारी सकाळी दहा वाजता वरच्या खोलीत चौघं बसली. टेबलाच्या मध्यावर मनुकांचा केक, कारण तो न आणण्याचा नियम निळ्या फाइलमध्ये कुठेच सापडला नव्हता. एका बाजूला मिस्टर हॉबडे, काटकोनात लावलेले कागद घेऊन. समोर इडवल, रविवारचा काळा कोट घालून, आणि त्याच्या शेजारी ऑल्वेन, ओठ घट्ट मिटून.

नेस्टाने आरोप वाचला. “इडवलकाका... म्हणजे, मिस्टर बेनन. शुक्रवारी तुम्ही रोलर का थांबवलात?”

इडवलने मान वर केली. “त्या-त्या-त्या...”

“त्या दिवशी त्याला बरं नव्हतं,” ऑल्वेन म्हणाली.

“आई!”

“काय गं?”

“सोबत्याने उत्तर द्यायचं नाही.”

“मी उत्तर कुठे देतेय? मी फक्त त्याचं वाक्य पुरं करतेय. जन्मभर करत आलेय.”

“मिसेस प्रॉबर्ट,” हॉबडे नम्रपणे म्हणाले, “कायद्याप्रमाणे...”

“कायद्याने माझं तोंड शिवायचं असेल तर शिवा बाबा. पण मग तो बोलणार कधी? पुढच्या नाताळात?”

“पुढच्या नाताळापर्यंत थांबू,” नेस्टा म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

“त्या-त्या... त्या...” इडवलच्या कपाळावर घाम आला. ऑल्वेनने तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. हॉबडेंनी पेन उचललं, ठेवलं. नेस्टाच्याही जिभेवर चार शब्द तयार होते. ते तिने गिळले. आणि गिळताना तिला पहिल्यांदाच दिसलं: या माणसाच्या डोळ्यांत एक सबंध वाक्य उभं आहे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि ते आजवर कुणी ऐकलेलंच नाही. आपण सगळ्यांनी मिळून, मायेने, चौसष्ट वर्षं याला गप्प बसवलं.

‘बोलण्याची काही अडचण आहे का?’ ‘नाही, नाही, तसं काही नाही.’

तिचे कान तापले. “दहा मिनिटं सुनावणी थांबवते,” ती म्हणाली. निळी फाइल घेऊन बाहेर गेली. ज्या पानांना ती रोज काट्यांसारखी चुकवायची त्यांतलंच एक पान तिला हवं होतं. सापडलं. मालकाने योग्य ती सोय केली पाहिजे. आणि कोणती सोय ते, खाली लिहिलं होतं, आधी त्या माणसालाच विचारावं.

इतकं साधं. त्या माणसालाच विचारावं.

ती आत आली, खुर्ची ओढून इडवलच्या समोर बसली. “काका, चूक माझी आहे. मी हे आधी विचारायला हवं होतं. तुम्हाला तुमचं सांगणं कसं सोपं जाईल? वेळ हवा तेवढा घ्या. आम्ही मध्ये कुणी बोलणार नाही. मी कुणाबद्दल म्हणतेय ते आईला कळलंय.”

इडवल तिच्याकडे वळला. मग हसला. बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि हळूच एक सूर गुणगुणला.

“गाऊन?” हॉबडे म्हणाले. मग स्वतःच ओशाळले. “क्षमा करा. मीही पुरं केलं.”

इडवलने होकारार्थी मान हलवली. या वेळी त्या मान हलवण्यात थकवा नव्हता.

“गाऊन उत्तर द्यायला कायद्यात मनाई आहे का?” नेस्टाने विचारलं.

हॉबडेंनी कागद पुढे-मागे केले. अठरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “मनाई... दिसत नाही,” ते म्हणाले. “फक्त नोंद कशी करायची ते कळत नाही.”

“जसं ऐकू येईल तशी,” ऑल्वेन म्हणाली. हे उत्तर इडवलला विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं, म्हणून चाललं.

“मिस्टर बेनन,” हॉबडेंनी घसा साफ केला, “शुक्रवारी तांबडं बटण तुम्ही दाबलंत का?”

इडवल उभा राहिला. गाणारा माणूस बसून गात नाही. त्याने हात पाठीमागे बांधले आणि चॅपेलमधल्या एका जुन्या संथ चालीवर, एकही अक्षर न अडता, त्याचा आवाज खोलीभर पसरला:

होय मी दाबले । तांबडे बटण ।
तीनदा जाणून । दाबले मी ॥

खाली लॉण्ड्रीत कुणाच्यातरी हातून बादली पडली. जिन्यावर पावलं वाजली आणि दाराबाहेर थांबली. हॉबडेंचं पेन हवेतच राहिलं होतं.

“का?” नेस्टाने विचारलं.

चोवीस वरुषे । ऐकतो मी त्याला ।
सूर वर गेला । सोमवारी ॥

डावीकडे त्याचे । दुखते काहीसे ।
गप्प बसू कैसे । बाया तेथे ॥

नेस्टाला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. रोलर दिवसभर एका खालच्या सुरात घुमतो, हे लॉण्ड्रीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, जसं स्वतःचा श्वास चालू आहे हे माहीत असतं. इडवल रोज त्याच घुमण्यावर आपला सूर लावून भजन उचलायचा. त्याचं घुमणं बदललं होतं. केसभर वर चढलं होतं. दुसऱ्या कुणाच्या कानाला ते कळलं नव्हतं.

“पण मेकॅनिकने दोनदा तपासलं,” हॉबडे म्हणाले. ते आरोप म्हणून म्हणाले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “त्याला का नाही सांगितलंत?”

इडवलच्या डोळ्यांत मिश्किल चमक आली.

विचारले त्यांनी । उत्तरही त्यांचे ।
हलणे मानेचे । माझे फक्त ॥

दाराबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. हॉबडेंची मान मात्र खाली गेली. समोरच्या अहवालावर त्यांच्याच सुबक अक्षरात ती ओळ होती: उत्तर दिले नाही.

“खाली जाऊ या,” नेस्टा म्हणाली.

दार उघडलं तसा बायांचा घोळका जिन्यावरून खाली पांगला. रोलर घुमत होता. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. इडवलने डोळे मिटले आणि आपल्या आठवणीतला जुना सूर लावला, लांब, सपाट. मग सूर न सोडता बोट रोलरकडे केलं. त्याच्या सुराच्या शेजारी रोलरचं घुमणं ऐकलं तेव्हा ते दोन वेगळे आहेत हे एका बहिऱ्यालाही कळलं असतं. दोघांच्या मध्ये हवा थरथरत होती.

“अगं बाई!” ऑल्वेनने कपाळावर हात मारून घेतला. “दोन आठवडे आपण सगळ्या वरच्या पट्टीत गातोय! म्हणून माझा घसा बसलाय. आणि मी बिचाऱ्या सर्दीला शिव्या देतेय!”

“मला वाटलं माझं वय झालं,” दुसरी म्हणाली.

“ते झालंच आहे,” तिसरी म्हणाली.

नेस्टाने रोलर बंद करायला लावला. मेकॅनिकला सांगितलं, “डावं टोक उघड. उष्णता नको बघूस, पट्टा नको बघूस. डावं टोक.”

लोखंडी झाकण निघायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात केकला सुरी लागली आणि हॉबडेंनी दोन तुकडे खाल्ले. मग मेकॅनिकने आत दिवा धरला आणि शीळ घातली. रोलर ज्याच्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या लोखंडी कवचाला वरून खालपर्यंत तडा गेला होता. तो कागदासारखा पातळ होता, पण आरपार गेला होता.

“अजून किती चाललं असतं?” नेस्टाने विचारलं.

“आठवडा. नाहीतर तासभर,” मेकॅनिक म्हणाला. “सुटलं असतं तर हे धूड याच बाजूला उतरलं असतं.” याच बाजूला म्हणजे जिथे बाया हात पुढे करून चादर सोडत. जिथे ऑल्वेन उभी राहत असे.

ऑल्वेनने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जणू आत्ताच कुणी तिला भेट दिले होते. मग ती इडवलपाशी गेली आणि त्याच्या रविवारच्या कोटावर डोकं टेकलं. प्रभूची दया कधी कधी आकाशातून येत नाही. अडखळणाऱ्या माणसाच्या कानातून येते.

सुनावणी मात्र अजून संपली नव्हती, आणि नेस्टा प्रॉबर्ट ती अर्धी सोडणारी नव्हती. चौघं पुन्हा वर गेली, आपापल्या खुर्च्यांवर बसली. तिने निळी फाइल उघडली. या वेळी पान शोधावं लागलं नाही.

“कायदा असा आहे,” तिने वाचलं. “स्वतःला किंवा दुसऱ्याला मोठा धोका आहे असं कामगाराला मनापासून आणि सकारण वाटलं, आणि तो टाळण्यासाठी त्याने योग्य ते पाऊल उचललं, तर त्या कारणावरून त्याला कामावरून काढता येत नाही.” तिने वर पाहिलं. “ताकीद असली तरी नाही. सोबत्याला शेवटी दोन शब्द बोलायचा हक्क आहे. मिसेस प्रॉबर्ट?”

लॉण्ड्रीत तीस वर्षं होत आली तरी ऑल्वेनला कुणी असं विचारलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. “मला काही नाही बोलायचं,” ती म्हणाली. “तो बोलला.”

“मला बोलायचंय,” हॉबडे म्हणाले. त्यांनी आपला अहवाल पुढे ओढला, ‘उत्तर दिले नाही’वर सरळ रेघ मारली आणि त्यावर लिहिलं: ‘उत्तर ऐकण्याची सोय चौकशीत केली नव्हती.’ खाली सही केली. “शिफारस मागे घेतो. कंपनीला मीच सांगेन. आणि, मिस्टर बेनन, ते तिसरं उत्तर पुन्हा एकदा म्हणाल का? नोंदीत शब्द चुकायला नको.”

इडवलने पुन्हा गायलं. या वेळी दाराबाहेरच्या बायांनी शेवटचा चरण खालच्या पट्टीत धरला, आणि हॉबडेंनी लिहिता लिहिता पायाने ताल धरला तो त्यांचा त्यांनाही कळला नाही.

“निर्णय,” नेस्टा म्हणाली. तो लेखी देणं भाग होतं आणि ती लेखी देणारच होती. पण हे तिला तोंडाने म्हणायचं होतं. “आरोप रद्द. ताकीद रद्द. तुमच्या कागदांत यातलं काहीही राहणार नाही. आणि उद्यापासून रोलर सकाळी सुरू करायच्या आधी तो तुम्ही ऐकायचा. तुम्ही हो म्हणालात तरच चालू होईल. काका, काही म्हणायचंय?”

इडवलला म्हणायचं होतं. पण त्याने सूर लावला नाही. त्याने हाताने नको अशी खूण केली, मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली.

“गे-गे-गेल्या...”

सगळे थांबले. ऑल्वेनने केकची सुरी खाली ठेवली. हॉबडेंनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या बायांनी श्वास धरला. घड्याळात अर्धं मिनिट गेलं, मग सबंध मिनिट. कुणालाही घाई नव्हती. आभाराचे शब्द ऐकायला नेस्टाचे डोळे आधीच भरून आले होते.

“गेल्या च-चार र-रविवारी,” इडवल म्हणाला, एकेक शब्द विटेसारखा नीट रचत, “तू चॅ-चॅपेलला आ-आली नाहीस.”

मग जिन्यावरून हसण्याचा असा लोंढा आत आला की खिडकीची तावदानं वाजली. ऑल्वेन तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. “विचार, विचार तिला!” ती म्हणाली. “का नाही आलीस ते सांग की आता! उत्तर दे!”

नेस्टाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. हॉबडे आपल्या कागदांत तोंड खुपसून बसले होते. मॅनेजरला सोबती आणता येतो असं निळ्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“येते, काका,” ती म्हणाली.

“म-म...” इडवल म्हणाला.

या वेळीही सगळे थांबले.

“म-मग अ-अकराला ये. उ-उशीर न-नको.”